सोलापूरच्या पानावर वजन कुणाचं?

(दृश्य: दुधनी. बाजारातली तुरीची पोती. पुढे कर्नाटकाकडे जाणारा रस्ता.)

निवेदन:

अक्कलकोट तालुक्यातली ही दुधनी. इथून थोडं पुढे गेलं की महाराष्ट्र संपतो. दुकानांच्या पाट्या बदलतात, बसवरची अक्षरं बदलतात. बाकी फारसं काही बदलत नाही. इकडच्या रानात ज्वारी नि तूर, तिकडच्या रानातही तेच. इकडे घरात कानडी बोलतात, तिकडे मराठी समजते. भाकरी आणि शेंगाची चटणी दोन्हीकडे.

आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे तक्ते उघडा. फेरी २०१९ ते २०२१ मधली. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २३.४ टक्के जणींचं वजन उंचीच्या मानाने जास्त भरलं. कर्नाटकात ३०.१ टक्के. आकड्यांवर भाबडा विश्वास ठेवायचा, तर दुधनीची शीव ओलांडताच बायका अंगाने भरलेल्या दिसायला हव्यात.

तसं काही दिसत नाही. कर्नाटकाचा आकडा बंगळुरूने आणि दक्षिणेकडच्या सुखवस्तू जिल्ह्यांनी वर ओढलेला आहे. शिवेपलीकडच्या कलबुर्गीत कमी वजनाचं दुखणं अजून मोठं आहे. आपल्याकडे तरी काय वेगळं? मुंबई-पुणे आणि नंदुरबार-गडचिरोली एकाच बेरजेत घातले, की महाराष्ट्राची सरासरी निघते. ती ना पुण्याची असते, ना नंदुरबारची.

(दृश्य: भारताचा नकाशा. राज्यांवर फिके-गडद रंग.)

देशाचा आकडा २४ टक्के. पंजाबात ४०.८, तमिळनाडूत ४०.४. दुसऱ्या टोकाला झारखंड ११.९ आणि मेघालय ११.५. शहरी बायकांमध्ये ३३.२, ग्रामीण बायकांमध्ये १९.७. सगळ्यात श्रीमंत पाचव्या हिश्शातल्या घरांमध्ये हे प्रमाण सगळ्यात गरीब हिश्शाच्या जवळपास चौपट. वय वाढतं तसंही ते चढत जातं. म्हणून जिथे पैसा आहे, शहर आहे आणि जन्मदर आधीच उतरल्यामुळे लोकसंख्येचं वय वाढलंय, ते राज्य नकाशावर गडद दिसतं. त्या राज्याची माणसं खादाड आहेत असं त्यातून निघत नाही. तरी बातम्यांचे मथळे नेमके तेच काढतात.

एक गोष्ट मात्र मथळ्यात क्वचित येते. याच फेरीत महाराष्ट्रात २०.८ टक्के बायका गरजेपेक्षा हडकुळ्या निघाल्या. म्हणजे साधारण पाचातली एक कमी वजनाची, आणि पाचातली एक किंवा त्याहून थोडं जास्त, जादा वजनाची. त्यामागच्या फेरीत तर दोन्ही पारडी जवळजवळ सारखी होती.

(दृश्य: सोलापूर, पूर्व भाग. मागांचा खटखटाट. अरुंद बोळ. एका दारात चपला.)

आकडा तयार होतो तो अशा दारात. २०११ च्या जनगणनेच्या आधारे आधी गावं आणि शहरी गट निवडतात. मग त्यातली घरं. देशभरात सहा लाखांहून जास्त घरं झाली, जिल्हे ७०७. सरासरी काढली तर जिल्ह्यामागे नऊशे घरं. सोलापूर जिल्ह्याची वस्ती त्या जनगणनेत ४३ लाखांवर होती. नऊशे घरांतून एवढ्या लोकांचा अंदाज बांधता येतो, त्याचं शास्त्र पक्कं आहे. पण जिल्ह्याच्या आकड्यात एखाद-दोन टक्क्यांचा फरक दिसला म्हणून बार्शीच्या चहाच्या टपरीवर पैज लावू नये, एवढंच.

दारातला संवाद साधारण असा होतो.

"अक्का, चप्पल काढा आणि या काट्यावर सरळ उभ्या राहा."

"आत्ताच जेवले की ओ मी. आता जास्तच भरणार."

"भरू द्या. हात खाली सोडा."

काट्यावर वजन, उभ्या पट्टीवर उंची. पोटुशी बाई आणि नुकतीच बाळंत झालेली बाई या हिशेबातून वगळतात. पाचव्या फेरीत पहिल्यांदाच टेपने कंबर आणि नितंबही मोजले. मग किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. येतो तो निर्देशांक, म्हणजे बीएमआय. हे सूत्र बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाचं, १८३० च्या दशकातलं. त्याला लठ्ठपणाशी काही देणंघेणं नव्हतं, तो 'सरासरी माणूस' शोधत होता.

समजा अक्कांची उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ५७ किलो. भागाकार येतो साधारण २३.७. सर्वेक्षणाची रेघ २५ वर आहे. तिथपर्यंत पोहोचायला अक्कांना ६० किलोच्या किंचित वर जावं लागेल, म्हणून तक्त्यात त्या 'सामान्य'. याच अक्का उद्या डॉक्टरकडे गेल्या, तर ते म्हणतील वजन जास्त आहे. कारण भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेली रेघ २३ वर आहे, आणि त्या हिशेबात २५ ला लठ्ठपणाच सुरू होतो. बाई तीच, काटा तोच. रेघ दोन घरं खाली आणली की देशाचा नकाशा गडद होतो.

ही रेघ खाली का आणावी लागली, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्या पुण्यातलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच छायाचित्र छापलं. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. बाहेरून सडपातळ, आतून चरबी. मधुमेह आपल्याकडे कमी वजनावर आणि तरुणपणी का गाठतो, याचा धागा इथे सापडतो. म्हणूनच कंबर मोजणं महत्त्वाचं. पाचव्या फेरीत देशातल्या ५६.७ टक्के बायकांची कंबर नितंबांच्या मानाने धोक्याच्या पट्ट्यात निघाली. जादा वजनाच्या बायका २४ टक्के, हे आठवा. मधल्या सगळ्या जणी काट्यावर सुटल्या होत्या.

(दृश्य: मांडीवर सूप, कात्री, टेंभुर्णीची पानं. हात चालू आहेत, अंग स्थिर.)

सोलापुरात हा फरक समजून घ्यायला विडीकाम बघावं. पूर्व भागातल्या हजारो बायका विड्या वळतात. मजुरी हजारामागे. त्यामुळे हजार पुरे होईपर्यंत उठायचं नाही. पहाटे उठून स्वयंपाक, धुणं, पाणी, मग मांडीवर सूप घेऊन बैठक. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा मारायचा. बोटं मशीनसारखी, कंबर जागेवर. कष्ट इतके की रात्री पाठ टेकवत नाही, आणि तरी शरीराला चालणं म्हणून नाही. यांना 'जरा हालचाल वाढवा' असं सांगणाऱ्याने आधी हजार विड्या वळून दाखवाव्यात.

ताटही बदललंय. रेशनवर गहू आणि तांदूळ आला. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण उजनीचं पाणी पोचलं तिथे ऊस उभा राहिला. बाजारातली ज्वारी विकत घेणाऱ्याला भाकरी आता स्वस्त पडत नाही. खारी-चहावर सकाळ निघते.

(दृश्य: यंत्रमाग कारखाना. पाळी बदलते आहे.)

आता या माणसांकडे बघा. चादरी आणि टॉवेल विणणारे. पाळीभर उभे, एका मागावरून दुसऱ्या मागाकडे. यांचं वजन किती? सर्वेक्षणाने जिल्ह्यासाठी काढलेल्या आकड्यांच्या पानावर ते नाही.

छपाईची चूक नव्हे. सर्वेक्षणाची रचनाच तशी आहे. वजनासाठी पुरुष मोजले जातात ते निवडलेल्या घरांपैकी फक्त १५ टक्के घरांत. राज्याचा आकडा काढायला तेवढे पुरतात, जिल्ह्याचा काढायला पुरत नाहीत. महाराष्ट्रातल्या २४.७ टक्के पुरुषांचं वजन पाचव्या फेरीत जास्त निघालं, म्हणजे बायकांपेक्षा किंचित जास्तच, हे आपल्याला कळतं. सोलापूरचे किती, मंगळवेढ्याचा शेतकरी किती आणि एमआयडीसीतला मागवाला किती, ते कळत नाही. गंमत अशी की त्याच पानावर पुरुषांची रक्तातली साखर आहे, रक्तदाब आहे. साखर मोजली, पोट नाही.

बायकांचंही चित्र ४९ व्या वर्षी तुटतं. पन्नाशीच्या पुढे, पाळी गेल्यावर पोटाभोवती चरबी साठायला लागते, नेमकी तेव्हा बाई वजनाच्या तक्त्यातून बाहेर पडते. कारण मुळात हे सर्वेक्षण १९९२-९३ मध्ये सुरू झालं ते जननक्षम वयाच्या बायका आणि मुलं यांच्यासाठी. बायकांचं वजन आणि उंची देशभर मोजली गेली १९९८-९९ पासून, पुरुषांची २००५-०६ पासून. जिल्हावार आकडे तर २०१५-१६ पासूनच मिळू लागले.

आणि तारखा. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण इथलं मोजमाप २०१९ मध्ये सुरू झालं आणि टाळेबंदीआधीच आटोपलं. तमिळनाडू, पंजाब, दिल्ली दुसऱ्या टप्प्यात आले. तिथलं काम २०२० मध्ये सुरू झालं, टाळेबंदीने थांबलं, पुढे २०२१ पर्यंत रेंगाळलं. घरात कोंडून घेतलेले महिने त्यांच्या काट्यावर चढलेत, आपल्या नाही. सोलापूरची तुलना चेन्नईशी करायचीच असेल तर हे बाजूला लिहून ठेवावं. त्यापेक्षा सोलापूरची तुलना सोलापूरच्याच २०१५-१६ च्या पानाशी करावी. दोन्ही वेळी वय तेच, रेघ तीच, आणि टाळेबंदी दोन्हींच्या नंतरची.