मंगळावर हातोडा नाही, मग दगड फोडायचा कसा?

[मागे पारसिकचा डोंगर, हातात दगड]

नमस्कार मंडळी. मागे दिसतोय तो पारसिकचा डोंगर, आणि हातात आहे तो त्याच्याच पायथ्याचा एक दगड. ठाणे-बेलापूर रोडने जाणारं कुणी ढुंकूनही बघणार नाही असा, मातकट आणि तपकिरी. हा कुठला दगड, हे नुसतं बघून सांगा बरं. नाही सांगता येत. भूशास्त्र शिकणाऱ्या पोरांना पहिल्याच फिल्डला दम भरतात, की दगडाच्या वरच्या रंगावर विश्वास ठेवायचा नाही. आधी फोड, मग बोल.

[हातोड्याचा घाव. फुटलेली बाजू कॅमेऱ्याजवळ]

चष्मा घालून फोडा हं, कपची डोळ्यात जाते. आता बघा, आत काळा कुळकुळीत. हा बेसाल्ट, आपला काळा पाषाण, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. हे पांढरे ठिपके दिसतायत? लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि नंतर आत झिरपलेल्या पाण्याने त्या पोकळ्या खनिजांनी भरून टाकल्या. आणि कडेची ही तपकिरी साल म्हणजे पावसाळ्यांनी गंजवलेलं दगडातलं लोखंड. हे कुजणं असंच चालू राहिलं की त्याचा मुरूम होतो, जो आपण बांधकामाच्या भरावात टाकतो. आधी आग, मग आत मुरलेलं पाणी, मग वरचा पाऊस. एका घावात सगळं बाहेर आलं.

आता मंगळ. तिथलाही बहुतेक दगड बेसाल्टच आहे, आणि त्यावर गंजाची लाल धूळ. प्रश्नही तोच, की या दगडाला पाणी लागलं होतं का, कधी आणि कसलं. फक्त रोव्हरच्या, म्हणजे तिथे फिरणाऱ्या बिनमाणसाच्या यंत्रगाडीच्या, हातात हातोडा नाही. हातोडा नुसता मारून भागत नाही, कुठे मारायचा ते त्याच क्षणी बघून ठरवावं लागतं. इथून निघालेल्या सिग्नलला मंगळावर पोचायला 3 ते 22 मिनिटं लागतात. त्यामुळे आज काय करायचं त्याची यादी रोव्हरला एकदम पाठवून देतात आणि निकालाची वाट बघतात.

2004 साली उतरलेल्या नासाच्या स्पिरिट रोव्हरकडे घासणारं यंत्र होतं, दाताचा डॉक्टर कीड कोरतो तसं. त्याने अडिरॉन्डॅक नावाच्या दगडावर गोल चकती घासली. खोली तीन मिलिमीटरही नाही! पण त्या चकतीत ऑलिव्हिन सापडलं. ऑलिव्हिन हे हिरवट खनिज आपल्या बेसाल्टमध्येही असतं, आणि पाणी लागलं की सगळ्यात आधी तेच खराब होतं. ते तिथे धडधाकट बसलंय म्हटल्यावर त्या दगडाने पाणी फारसं पाहिलेलंच नाही. स्पिरिटला पाठवलं होतं जुन्या तळ्याचा गाळ शोधायला, आणि मिळाला सुका लाव्हा.

नंतरच्या क्युरिऑसिटी रोव्हरकडे लेझरही आहे. सात मीटरपर्यंतच्या दगडावर झोत मारतो, दगडाची चिमूटभर वाफ होते आणि तिच्या प्रकाशावरून मूलद्रव्यं ओळखतात. फोटोत भारी दिसतं. पण मला विचाराल तर खरा जीव तिच्या ड्रिलमध्ये आहे.

[जॉन क्लाइन नावाच्या दगडातल्या छिद्राचा फोटो, पूर्ण पडदा]

हा फोटो नीट बघा. फेब्रुवारी 2013, मंगळावरचं गेल विवर, त्यातला यलोनाइफ बे नावाचा भाग. भोक फक्त 1.6 सेंटीमीटर रुंद आणि साधारण साडेसहा सेंटीमीटर खोल. आजूबाजूची जमीन लाल, आणि भोकातून निघालेली भुकटी राखाडी. मंगळाचा लाल रंग किती वरवरचा आहे, ते इथे दिसतं. ती भुकटी पोटातल्या एक्स-रे यंत्राला दिली, तेव्हा सुमारे पाचवा हिस्सा चिकणमातीची खनिजं निघाली. अशी माती तयार व्हायला पाणी लागतं, आणि तेही फार आम्लधर्मी किंवा फार खारट नसलेलं. म्हणजे तिथे कधीकाळी तळं होतं, आणि त्यात सूक्ष्मजीव राहू शकले असते. होते असं नाही म्हणत मी, राहू शकले असते. थंबनेलवाले हा फरक खाऊन टाकतात.

डिसेंबर 2016 मध्ये तेच ड्रिल पुढे सरकवणारी मोटर बंद पडली. कोट्यवधी किलोमीटरवर मेकॅनिक कुठून आणणार? मग पातं कायमचं बाहेर काढून ठेवलं आणि अख्ख्या हाताने दाब देऊन भोक पाडायची रीत शोधली. मे 2018 मध्ये ती जमली.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग, ठरवून नव्हे, चुकून फुटलेले दगड. स्पिरिटचं पुढचं उजवं चाक 2006 मध्ये जाम झालं. तेव्हापासून ती उलटी चालायची, ते मेलेलं चाक फरफटत. त्या चाकाने जमिनीत चर पाडला आणि 2007 मध्ये चरातून पांढरी माती वर आली. तपासली तर सुमारे 90 टक्के सिलिका, म्हणजे काच ज्याची बनते ते. गरम पाण्याचे झरे किंवा जमिनीतून निघणारी वाफ असेल तिथे असा साठा होतो. चाक धड असतं तर ती तिथून सरळ निघून गेली असती.

मे 2024 मध्ये क्युरिऑसिटीचं तसंच झालं. 899 किलोचं धूड एका फिकट दगडावरून गेलं आणि दगड फुटला. मागे वळून फोटो घेतला तर आत पिवळेधमक स्फटिक, शुद्ध गंधक! गंधकाची संयुगं मंगळावर आधीही मिळाली होती, शुद्ध गंधक मात्र पहिल्यांदाच. तसेच फिकट दगड आसपास भरपूर पसरलेत, आणि एवढं गंधक तिथे जमलं कसं, यावर शास्त्रज्ञ अजून डोकं खाजवतायत.

पर्सिव्हिअरन्स या आणखी एका रोव्हरची गोष्ट थोडी वेगळी. जेझेरो विवरात ती दगडाचा तुकडा कापून नळीत बंद करते. ऑगस्ट 2021 च्या पहिल्याच प्रयत्नात दगड इतका ठिसूळ निघाला की भुगा झाला आणि नळी रिकामी राहिली. सप्टेंबरमध्ये जमलं. पुढे जुलै 2024 मध्ये चेयावा फॉल्स नावाच्या दगडावर बिबट्याच्या अंगावर असतात तसले ठिपके दिसले. त्यात लोखंड-फॉस्फेटचं व्हिव्हियानाइट आणि लोखंड-गंधकाचं ग्रेगाइट असल्याच्या खुणा आहेत. पृथ्वीवरच्या चिखलात ही जोडी बऱ्याचदा सूक्ष्मजीवांमुळे तयार होते, पण जीवाशिवायही होऊ शकते. याचा निकाल इथल्या प्रयोगशाळेत लागेल, आणि नमुने परत आणायची योजना खर्चापायी रखडलीय. चीड येते खरं तर. एवढी मेहनत करून नळी भरली, आणि ती तिथेच पडून.

रोव्हरचे कच्चे फोटो नासाच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतात. उघडलेत की आधी चाकांच्या मागचे फोटो बघा, ताजा फुटलेला दगड तिथे मिळायची शक्यता जास्त. मग भोकांभोवतीच्या भुकटीचा रंग, आणि भोकाच्या कडेला आडवे थर दिसतात का ते. आणि इथले दगड बघायला जायचं तर पाऊस संपल्यावर जा. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकडा धबधब्यावर जायला बंदी असते, ती मोडू नका. रस्त्याकडेचं खडीचं ढिगारं पुरेसं आहे, त्यातही पांढरे ठिपके सापडतात. सापडले तर फोटो कमेंटमध्ये टाका, कुठलं खनिज असेल ते मिळून बघू.