शंभर मीटर, शंभर किलोमीटर

(दृश्य: संध्याकाळ. कोकणातल्या एका वाडीचा रस्ता. खांबाखाली प्लास्टिकचं स्टूल, त्यावर जेवणाच्या डब्याएवढं एक मशीन.)

फणसाची फांदी मोडून पडली आणि अख्ख्या वाडीचं नेट गेलं. दुपारी तीनची ही गोष्ट. आता सहा वाजत आलेत. तुटलेल्या केबलची दोन्ही टोकं खाली घेतलीत आणि एक तरुण मुलगा त्यातली काच मोकळी करतोय. हो, काचच. बाहेरचं काळं आवरण सोललं, आतलं पिवळं सूत बाजूला केलं की रंगीत दोऱ्यांसारखे तंतू हाती येतात. त्यांच्यावरचा रंग खरवडला की उरते 125 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या भागाएवढी काच. प्रकाश जातो तो तिच्याही पोटातून, जेमतेम 9 मायक्रॉनच्या वाटेनं. आपल्या डोक्यावरचा केस त्या वाटेच्या कितीतरी पट जाड असतो.

या मुलाचं काम अजून तासभर चालेल. तोवर दुसऱ्या केबलकडे वळू. घरात, ऑफिसात, सायबर कॅफेत आपण वर्षानुवर्षं जी पाहत आलोय ती, निळी किंवा करडी, टोकाला पारदर्शक जॅक असलेली. तांब्याची.

(दृश्य: निळी केबल ब्लेडनं सोलली जाते. आतून चार जोड्या उलगडतात.)

आत आठ वायरी, पण त्या सुट्या नाहीत. केशरी, हिरवी, निळी, तपकिरी अशा चार, आणि प्रत्येकीला तिच्याच रंगाची पांढरी पट्टेरी जोडीदारीण. दोघी एकमेकींभोवती पिळलेल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आपण हट्टी माणसाबद्दल म्हणतो. या केबलीत मात्र पीळ गेला की सगळंच गेलं.

तांब्याची तार म्हणजे आयता अँटेना. शेजारून पंख्याची वायर गेली, ट्यूबलाइटचा चोक असला, वरच्या मजल्यावर लिफ्टची मोटर सुरू झाली, की त्यांची खरखर तारेत उतरते. दोन तारा नुसत्या शेजारी ठेवल्या तर एक नेहमीच त्या खरखरीच्या जवळ राहणार आणि दुसरी लांब. पिळल्या की कधी ही जवळ, कधी ती. दोघींवर खरखर सारखीच पडते. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा वाचतं, आणि जे दोघींत सारखं आहे ते वजा होऊन जातं. चारही जोड्यांचा पीळ एकसारखा नसतो, कुठली घट्ट, कुठली सैल. एकीचं बोलणं दुसरीच्या कानावर जाऊ नये म्हणून ही योजना. म्हणूनच जॅक बसवताना अर्ध्या इंचापेक्षा जास्त पीळ सोडायचा नाही, हे शिकाऊ मुलाला पहिल्याच दिवशी सांगतात. सोय म्हणून त्यानं दोन-तीन इंच सोडला, की नेट चालतं, पण रडतखडत. मग महिनाभर राउटरला दोष.

हा पीळ अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचा. टेलिफोनचं पेटंट 1876चं, पिळलेल्या जोडीचं 1881चं. आणि मला सगळ्यात नवल वाटतं ते मधल्या वर्षाचं. 1880 साली याच माणसानं वॉशिंग्टनमध्ये सूर्यप्रकाशाच्या झोतावरून आवाज पाठवून दाखवला होता, दोनशे मीटरच्या आसपास. फोटोफोन हे त्या यंत्राचं नाव. स्वतः बेल यांना ते टेलिफोनपेक्षा मोठं वाटे. पण उघड्या हवेतला प्रकाश तो, ढग आला, धुकं आलं की बोलणं बंद. प्रकाशाला जायला निवाऱ्याची वाट हवी होती आणि ती तेव्हा कुणाकडेच नव्हती. मुंबईत 1882 साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं आणि पुढची शंभर वर्षं आपण तारेवरूनच बोललो.

(दृश्य: विहीर. एक मुलगा सूर मारतो. कॅमेरा पाण्याखाली, वर पाहतो.)

निवाऱ्याची वाट कशी असते ते विहिरीत पोहलेल्या प्रत्येकानं पाहिलंय. पाण्याखालून सरळ वर पाहिलं की आभाळ दिसतं. नजर तिरपी केली की एका मर्यादेनंतर आभाळ नाहीसं होतं आणि पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चमकू लागतो. तिरपा आलेला प्रकाश पाण्याबाहेर न पडता पूर्णपणे आत परततो. काचेच्या तंतूतही हेच घडवलंय. आतली काच आणि तिच्याभोवतीची काच यांच्यात किंचित फरक ठेवला, की प्रकाश आतल्या काचेतच कोंडून राहतो आणि तिच्याबरोबर वळणंही घेतो.

पंजाबातल्या मोग्याला जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत 1954 साली तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे नेऊन दाखवलं. अडचण होती ती काचेच्या मळाची. खिडकीची तावदानं जाडीत जरा वाढवली तरी हिरवी दिसू लागतात, मग किलोमीटरभर काचेतून काय दिसणार? चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी 1966 साली मांडलं की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या अशुद्धीचा आहे. किलोमीटरनंतर शंभरातला एक भाग प्रकाश जरी उरला, तरी टेलिफोनसाठी ही काच चालेल. 1970 साली अमेरिकेत कॉर्निंग कंपनीच्या तिघा शास्त्रज्ञांनी ती मर्यादा ओलांडली. काओंना 2009 साली नोबेल मिळालं. आणि आपल्याकडे? 1979 साली, पुण्यात, दोन टेलिफोन एक्स्चेंजांमध्ये पहिली फायबर, म्हणजे अशा काचेच्या तंतूंची केबल, पडली. पुणेकरांनी याचा अभिमान बाळगावा, असं मी मनापासून म्हणेन.

आता तो शंभरातला एक भाग लक्षात ठेवा. बाजारात मिळणाऱ्या कॅट-6, म्हणजे त्या निळ्या-करड्या तांब्याच्या केबलमधून 100 मेगाहर्ट्झचा संकेत सोडला, तर शंभर मीटरवर त्याच्या शक्तीचा साधारण शंभरातला एक भाग उरतो. तांब्याच्या नेटवर्क केबलला शंभर मीटरची मर्यादा घालून दिलेली आहे ती काही उगाच नाही. 1966मध्ये काचेकडून अपेक्षा होती एका किलोमीटरची. आणि समोरच्या खांबावरून लोंबणाऱ्या काचेत, योग्य रंगाचा प्रकाश सोडला तर, शंभरातला एक भाग उरायला शंभर किलोमीटर लागतात. म्हणजे निम्मा प्रकाश पंधरा किलोमीटरनंतरही शिल्लक असतो.

एक गैरसमज इथेच दूर करू. फायबरमधून माहिती जास्त वेगानं धावते, असं जाहिराती सुचवतात. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पिळलेल्या तांब्यात संकेताचा वेगही जवळपास तेवढाच. फरक धावण्यात नाही, एका वेळी किती माहिती नेता येते आणि न दमता किती लांब जाता येतं, यात आहे.

(दृश्य: जळालेला स्विच. काळवंडलेला पोर्ट जवळून.)

हा नेटवर्कचा स्विच, एका नेटचे अनेक फाटे करणारी पेटी, माझ्या घरचा. घरापासून गोठ्यापर्यंत साठेक मीटर निळी केबल मी स्वतः ओढली होती, कॅमेऱ्यासाठी. अंतर मर्यादेत होतं, पीळ नीट सांभाळला होता. अश्विनातल्या एका संध्याकाळी जवळच्या माडावर वीज पडली. केबलला तिचा स्पर्शही झाला नाही, तरी कॅमेरा, स्विच आणि राउटर तिन्ही गेले. खोलीत दोन दिवस जळका वास होता. तांबं नुसता निरोप नेत नाही, वीजही नेतं, आणि कुठली वीज आत घ्यायची हे त्याला कळत नाही. त्यानंतर मी घर आणि गोठा यांच्यामध्ये काच टाकली, धातूची तार नसलेली, आणि दोन्ही टोकांना एकेक छोटा कन्व्हर्टर, प्रकाशाचा संकेत तारेच्या संकेतात आणि उलट बदलणारा. काचेतून वीज वाहत नाही. दोन इमारतींमध्ये, उघड्यावरून केबल न्यायची असेल तर अंतर वीस मीटर असलं तरी फायबरच टाका, हे मी आता भेटेल त्याला सांगत असतो.

पण वीज नेणं हा तांब्याचा गुणही आहे. तो गोठ्यातला कॅमेरा चालतो कशावर? कॅमेऱ्याजवळ प्लग नाही. गोठ्यातल्या कन्व्हर्टरपासून कॅमेऱ्यापर्यंतची शेवटची वीस फूट केबल तांब्याची आहे, आणि त्याच आठ वायरींमधून चित्र येतं आणि वीजही जाते. 2003 साली या पद्धतीचं मानक ठरलं तेव्हा एका केबलवर 15.4 वॅट देता येत होते, आता 90 वॅटपर्यंत देता येतात. जुना लँडलाइन फोन लाइट गेल्यावरही चालायचा, तो असाच. त्याची वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून तारेवाटे यायची. आजचा फायबरचा बॉक्स मात्र घरातली वीज गेली की मुका होतो, काच कितीही शाबूत असो.

म्हणून केबल घेताना एवढं करा. दुकानदाराकडून वायरीचा एक तुकडा मागा आणि ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम आहे, वर तांब्याचा मुलामा. 305 मीटरचा डबा निम्म्या किमतीत मिळतोय म्हणून पुष्कळजण तो उचलतात. ती तार वळवली की मोडते, आणि तिच्यातून कॅमेऱ्याला वीज दिली की तापते.

(दृश्य: वर्सोव्याचा किनारा, ओहोटी.)

मुंबईत वर्सोव्याच्या या वाळूखालून समुद्रातल्या केबली देशात शिरतात. परदेशातल्या लेकीशी आपण बोलतो ते यांच्यातल्या काचेतून. पण समुद्रातल्या लांबच लांब केबलीतला प्रकाशही दमतो, आणि त्याला ताजं करणारी यंत्रं काही डझन किलोमीटरवर एकेक अशी तळाशी ठेवावी लागतात. त्यांना वीज कोण देणार? त्या केबलीतल्या काचेभोवती तांब्याचं वेष्टन असतं. किनाऱ्यावरून हजारो व्होल्टची वीज त्यातून खोल समुद्रात जाते.

(दृश्य: पुन्हा वाडीतला रस्ता. अंधार पडलाय. मशीनच्या पडद्याचा उजेड मुलाच्या चेहऱ्यावर.)

तंतू स्पिरिटनं पुसला की करकर आवाज येतो, म्हणजे तो स्वच्छ झाला. मग क्लीव्हरनं टोक सरळ कापायचं. कापलेला बारीक तुकडा तो जपून बाटलीत टाकतो, बोटात गेला तर सापडत नाही. दोन टोकं मशीनमध्ये समोरासमोर बसवली. पडद्यावर ती दोन ओंडक्यांसारखी दिसतात. मशीन त्यांना आपोआप एका रेषेत आणतं, क्षणभर ठिणगी उडते, आणि ओंडका एकच होतो. पडद्यावर आकडा येतो, 0.02. सांध्यात जवळपास काहीच वाया गेलं नाही. वरून स्लीव्ह, म्हणजे सांधा जपणारी नळी, सरकवायची, भाजायची, आणि पुढचा रंग घ्यायचा. असे बारा.

बाराव्या सांध्यानंतर तो खिशातून फोन काढतो.

"काकू, बॉक्सवरचा लाल दिवा गेला का, जरा बघता?"

पलीकडे पावलं वाजतात. दार करकरतं.

"गेला रे बाबा. हिरवा लागला."