काळी मारबत राखाडी काऊन?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘मीटरिंगचे प्रकार आणि एक्सपोजर कॉम्पेन्सेशन’, म्हणजे कॅमेऱ्यातलं मीटर उजेड कसं मोजतं आणि तो उजेड आपण मुद्दाम कमी-जास्त कसा करायचा. मला दिलीत पस्तीस मिनिटं, त्यातली दहा सत्कारात गेली. शाल सुंदर आहे, फक्त नागपूरच्या मे महिन्यात ती पांघरायची कोणी?

मीटरला रंग कळत नाही, हे मला काळ्या मारबतीने शिकवलं. मारबत म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. इथे कोणी पुण्याहून आलं असेल तर एवढंच: ‘पीडा घेऊन जा’ म्हणत मिरवतात तो पुतळा. बाकीचं शेजारच्याला विचारा. माझ्याकडे तेव्हा निकॉनचा एफएम२, 1982 साली आलेलं मॉडेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत गर्दीत घुसलो, मारबतीचं तोंड फ्रेमभर घेतलं, मीटरचा शून्य लागला, म्हणजे त्याच्या मते उजेड बरोबर, आणि क्लिक. प्रिंट आल्या तर मारबत राखेसारखी! आई म्हणाली, “यंदा मारबतीलाच कोणाची पीडा लागली का रे?”

मी लॅबवाल्याशी भांडलो. तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, तुझ्या मीटरनं काळ्याचं राखाडी केलं, मी काय करू?” खरं होतं त्याचं. समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी आहे, साधारण 18 टक्के प्रकाश परत फेकतंय, असं मीटर धरूनच चालतं. काळं दिसलं की त्याला वाटतं अंधार आहे, द्या जास्त उजेड.

आता मारबत काही दर रविवारी निघत नाही. वर्षभर थांबलो. फिल्म 100 ची, पण आयएसओची, म्हणजे फिल्म उजेडाला किती तेज आहे ते मीटरला सांगणारी चकती 320 वर नेली, म्हणजे दीड स्टॉपहून थोडा जास्तच उजेड कापला. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. प्रिंट आल्या. पुन्हा राखाडी! या खेपेला निगेटिव्ह दिव्यासमोर धरली. ती बरोबर होती. लॅबचं प्रिंटिंग मशीनही सरासरीच काढत होतं, त्यानं माझी सगळी दुरुस्ती धुऊन टाकली. मात्र लॅबवाला तेव्हाही शांतच. तिसऱ्या वर्षी हट्टानं स्लाइड फिल्म घातली. स्लाइडमध्ये प्रिंटवाला मध्ये येत नाही, कॅमेऱ्यात जे झालं तेच पडद्यावर. मारबत काळीकुट्ट उतरली. तीन वर्षं लागली हो, काळ्याला काळं म्हणायला!

आयोजक घड्याळ दाखवताहेत. बाहेर तर्री पोहे निवताहेत, हे मलाही दिसतंय.

तर भरभर. सेंटर-वेटेड मीटर मधल्या भागाला जास्त मान देतं. एफएम२मध्ये 12 मिलिमीटरच्या वर्तुळाला 60 टक्के. स्वभाव एकदा कळला की भरवशाचं. 1983 साली दोन कॅमेरे आले. निकॉन एफएनं फ्रेमचे पाच भाग करून तुलना सुरू केली, त्याचंच पुढे मॅट्रिक्स झालं. ऑलिंपस ओएम-4 मध्ये आठ स्पॉट रीडिंगची सरासरी काढता यायची. स्पॉट म्हणजे फ्रेममधल्या एका छोट्या ठिपक्यापुरतंच मोजणं. मॅट्रिक्सवर कॉम्पेन्सेशन जपून. त्यानं स्वतःहून किती सुधारलंय ते आपल्याला दिसत नाही. फुटाळा तलावावर मावळत्या सूर्यापुढे माणूस उभा केलात तर स्पॉट त्याच्या चेहऱ्यावर लावा. स्पॉट नसेल तर त्याच्या तोंडावर पडतो तोच उजेड आपल्या तळहातावर घ्या, मोजा आणि एक स्टॉप उघडा.

दीक्षाभूमीचा घुमट मारबतीच्या उलट. पांढरा आहे, म्हणून मीटर उजेड कापतं. अधिक एक ते दीड स्टॉप द्या. निगेटिव्हला थोडं जास्त चालतं, कमी चालत नाही. स्लाइडला जास्त झालं की संपलं, पांढऱ्यातला तपशील परत येत नाही. आणि कॉम्पेन्सेशनची चकती ऑटोसाठी. मॅन्युअलमध्ये शटर किंवा अॅपर्चर आपणच हलवायचं.

एक राहिलं. काम झालं की चकती जागेवर आणा. त्या मारबतीनंतर माझी 320 वरच राहिली, आणि पुढच्या रोलवर होती चुलतबहिणीची हळद. भर दुपारची. स्लाइड बघून जावई अजून विचारतात, “दादा, त्या दिवशी लाइट गेली होती का?”