चकमक कोणी पाहिली?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'पोलिसांचा गोळीबार, न्यायप्रक्रिया आणि बातमीदारी'. त्याकडे येतोच, पण आधी एका शब्दाबद्दल बोलू द्या. चकमक. मुळात ही गारगोटी. पोलादावर आपटली की ठिणगी पडते. नुसत्या गारगोटीने काही पेटत नाही. म्हणजे 'चकमक झडली' असं मी लिहितो, तेव्हा गोळ्या दोन्हीकडून सुटल्या अशी साक्ष देतो. इथे बसलेल्या बातमीदारांनो, तुमच्यापैकी किती जण तिथे हजर होता? एकही हात वर नाही. माझाही नसता.

नव्वदच्या दशकात मी मुंबईत क्राइम बीटवर होतो. रात्री साडेअकराला पोलीस ठाण्यातून फोन आला, आवृत्ती सुटायला वीस मिनिटं होती. मी लिहिलं: 'कुख्यात गुंडाने गोळीबार केला, पोलिसांच्या प्रत्युत्तरात तो ठार.' पहिल्या पानावर, नावानिशी. आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी त्या मुलाचे वडील कचेरीत आले. गिरणी कामगार, धुतलेला सदरा, हातात आमचाच अंक, घडी घातलेला. आरडाओरडा नाही. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "साहेब, त्याने आधी गोळी झाडली हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "पोलिसांनी." ते म्हणाले, "मग तसं लिहा ना." मी चहा मागवला. तो न घेताच ते गेले. त्यांचं म्हणणं आम्ही छापलं नाही, आणि त्या मुलाच्या मृत्यूची पुढे चौकशी झाली का, हे मी कधी विचारलं नाही. हे मला अजून सलतं.

पाचच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे. मुद्द्याचं आता भरभर सांगतो.

११ नोव्हेंबर २००६, वर्सोवा. रामनारायण गुप्ता चकमकीत ठार, असं पोलिसांनी सांगितलं. त्याला दुपारीच वाशीतून उचलल्याच्या तारा आणि फॅक्स त्याच्या वकील भावाने संध्याकाळीच अधिकाऱ्यांना धाडले होते. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना दोषी ठरवलं. मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने, सत्र न्यायालयात निर्दोष सुटलेल्या अधिकाऱ्यालाही जन्मठेप दिली. पहिली बातमी एका रात्रीत झाली, निकालाला सतरा वर्षं लागली.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १६ मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातली एकेक सूचना म्हणजे एकेक बातमी आहे. एफआयआर नोंदला का? तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याकडे गेला का? दंडाधिकाऱ्यांमार्फत चौकशी सुरू झाली का? नातेवाइकांना कळवलं का? घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक देऊ नये, असंही त्यात आहे. सत्कार होत असेल तर हे छापा.

आणि तोवर 'चकमक' लिहू नका. 'पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू. त्याने आधी गोळी झाडली, असं पोलिसांचं म्हणणं' एवढं लिहा. शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी केलं का, त्याचं चित्रीकरण झालं का, हे रुग्णालयात जाऊन विचारा. दुसऱ्याच दिवशी विचारा.