खापरावरचं नाव

[दृश्य: अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीचा उत्तरेकडचा उतार. खडकात खणलेली जुनी विहीर.]

१९३७ साल. अथेन्समध्ये अमेरिकन पुरातत्त्वज्ञ एक जुनी विहीर उपसत होते. गाळातून खापरं निघाली. ग्रीसमध्ये खणलं की खापरं निघणारच, त्यात नवल नाही. पण ही धुतल्यावर १९० तुकड्यांवर एकच नाव दिसलं: थेमिस्टोक्लीस, निओक्लीसचा मुलगा. अक्षरं जुळवून पाहिली, तर लिहिणारे हात अवघे चौदा.

थेमिस्टोक्लीस म्हणजे सॉलामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराला धूळ चारणारा सेनापती. त्याच्या नावाची खापरं एवढ्या खटपटीने कुणी लिहून ठेवली?

[दृश्य: नकाशा. अथेन्स, मॅरेथॉन, एजियन समुद्र.]

अथेन्सने एकाच घराण्याची सत्ता सोसली होती. तिचा शेवटचा वारस हिपियास. इसवी सनापूर्वी ५१० मध्ये त्याला हाकलला, तो पुढे इराणच्या आश्रयाला गेला. वीस वर्षांनी मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर इराणी फौज उतरली, तेव्हा तिला वाट दाखवायला म्हातारा हिपियास सोबत होता. त्यामुळे कुणी फार मोठा होऊ लागला की अथेन्सकरांना धडकी भरे. या धास्तीवरचा उपाय अथेन्सच्या लोकशाहीचा पाया घालणाऱ्या क्लिस्थेनीसच्या सुधारणांमधून आला असं मानतात. तो पहिल्यांदा वापरला गेला ४८७ मध्ये, हिपियासच्याच नात्यातल्या एका पुढाऱ्यावर.

उपाय असा. दरवर्षी हिवाळ्यात नागरिकांच्या सभेपुढे एकच प्रश्न यायचा: यंदा कुणाला बाहेर काढायचं का? नाव कुणाचंच घ्यायचं नाही. बहुमत ‘हो’ म्हणालं, तर साधारण दोन महिन्यांनी मतदान. अगोरा म्हणजे शहराचा मुख्य चौक. तिथे कुंपण घालायचे, त्याला दहा दारं, दहा जमातींना एकेक. नागरिक खापरावर नाव कोरून आणायचा आणि मजकूर खाली करून टाकायचा. निदान ६,००० खापरं पडली, तर ज्याचं नाव सर्वांत जास्त, त्याने दहा दिवसांत शहर सोडायचं. दहा वर्षं परतायचं नाही.

यात खटला नाही, आरोपपत्र नाही, बचावाचं भाषणही नाही. पण जमीनजुमला त्याचाच राहायचा, नागरिकत्वही जायचं नाही. ज्या ग्रीक शहरांत सत्तेची भांडणं कत्तलींनी मिटत होती, तिथे हा बराच शहाणपणाचा सौदा होता.

[दृश्य: संग्रहालयातली खापरं, अगदी जवळून.]

केरामेइकोस या कुंभारांच्या भागात अशी साडेआठ हजारांच्या आसपास खापरं सापडली. नुसतं नाव पुरेसं होतं, पण माणसं नावावर थांबतात थोडीच? मेगाक्लीस या पुढाऱ्याच्या नावाच्या खापरांवर कुणी त्याच्या घोड्यांचा उद्धार केलाय. घोडे पाळणं हे बड्या घरचं काम. ४८६ मध्ये त्याचा रथ डेल्फीच्या शर्यतीत पहिला आला आणि त्याच वर्षी तो शहराबाहेर गेला. एकाने कॅलियासला ‘इराणी’ ठरवून मागे इराणी धनुर्धराचं चित्रच काढलंय. आणि एका पठ्ठ्याने कुठल्याच पुढाऱ्याचं नाव न लिहिता हद्दपार केलंय ते उपासमारीला. तिचंही खापर कुणा माणसावर फोडता आलं असतं, पण नाही फोडलं.

एका खापरावर मजकूर आहे: मिल्टियाडीसच्या मुला सीमॉन, एल्पिनिकेला घे आणि चालता हो. सीमॉन हा पुढारी, एल्पिनिके ही त्याची बहीण, दोघांबद्दल गावभर कुजबुज होती. अथेन्समध्ये स्त्रीला मत नव्हतं. गुलामांना नव्हतं, बाहेरून येऊन पिढ्यान् पिढ्या राहिलेल्यांनाही नव्हतं. पण भावाला घालवायला बहिणीची बदनामी चालत होती.

४८२ मध्ये पाळी आली अरिस्टायडीसची. लोक त्याला ‘न्यायी’ म्हणत. चरित्रकार प्लुटार्कने जवळपास सहाशे वर्षांनंतर लिहिलेला किस्सा असा: लिहिता न येणाऱ्या एका खेडुताने शेजारच्या माणसापुढे खापर धरलं आणि म्हणाला, यावर अरिस्टायडीस लिही. शेजारी खुद्द अरिस्टायडीसच होता. त्याने विचारलं, त्याने तुझं काय वाकडं केलंय? काहीच नाही, मी तर त्याला ओळखतही नाही, पण जिकडे तिकडे ‘न्यायी, न्यायी’ ऐकून कान किटले. अरिस्टायडीसने मुकाट्याने आपलंच नाव लिहून दिलं. किस्सा रचलेला असेलही, पण निरक्षर मतदाराची अडचण खरी आहे. ऐन गर्दीत कुणी तयार खापर हातात ठेवलं, तर तो नको का म्हणेल? विहिरीतली ती १९० खापरं अशीच वाटायला लिहून ठेवलेली असावीत. त्यातली बरीचशी प्याल्यांची बुडं आहेत, म्हणजे माल जमवून, बसून केलेलं काम.

अरिस्टायडीसला दोनच वर्षांत परत बोलवावं लागलं, इराणी फौज दाराशी आली होती. सॉलामिसला तो थेमिस्टोक्लीसच्या खांद्याला खांदा लावून लढला. ४७१ च्या सुमारास थेमिस्टोक्लीसही खापरांनीच गेला आणि शेवटी पोचला इराणच्या राजाकडे, ज्याच्या बापाचं आरमार त्याने बुडवलं होतं.

[दृश्य: अगोरा, आजचे अवशेष.]

हा डाव उधळला तो ४१७ ते ४१५ च्या दरम्यान. निकियास किंवा अल्सिबायडीस या दोन बड्या पुढाऱ्यांपैकी एक जाणार, असं सगळे धरून चालले होते. दोघांनी आतून हातमिळवणी केली, आपापली माणसं एका बाजूला वळवली आणि बाहेर पडला भलताच: हायपरबोलस, लोकांच्या लेखी एक हलका पुढारी. यांच्यातल्या एकाला घालवायला तोच उतावीळ झाला होता. लोक आधी पोट धरून हसले, मग चिडले. असल्या माणसासाठी का हा कायदा होता?

कायदा कुणी रद्द केला नाही. ऐंशीएक वर्षांनी, अ‍ॅरिस्टॉटलच्या काळातही, दर हिवाळ्यात सभेपुढे तो प्रश्न रीतसर येत होता. मतदान मात्र पुन्हा एकदाही झालं नाही.