जानेवारीतील व्हेनिस

जानेवारीत व्हेनिसमध्ये सूर्य पावणेआठच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास मावळतो. मधल्या नऊ तासांत तो दिसेलच याची खात्री नसते, कारण पो नदीच्या मैदानावर साचलेले धुके शहराभोवतीच्या उथळ खाजणावर सरकत येते आणि कित्येकदा दुपारपर्यंत हलत नाही. शहराच्या उत्तरेकडील फोंदामेंते नोव्हे या धक्क्यावरून समोरचे सान मिकेले हे दफनभूमीचे बेट एरवी स्पष्ट दिसते. अशा सकाळी मात्र ते पूर्णपणे नाहीसे झालेले असते. व्हापोरेत्तो, म्हणजे या शहराच्या पाण्यावरच्या बस, रडारच्या आधाराने चालतात आणि धुके फारच दाट झाले, तर काही मार्गांवरील फेऱ्या कमी केल्या जातात. या खाजणाची सरासरी खोली जेमतेम एक मीटर आहे. बोटींना जाण्याइतके खोल पाणी फक्त ठरावीक वाटांवर असते आणि त्या वाटांच्या कडेला लाकडी खांबांचे जुडगे रोवलेले असतात. खांब दिसेनासे झाले, की वाट चुकलेली बोट चिखलात रुतायला वेळ लागत नाही.

छायाचित्रांमधून आपल्या ओळखीचे झालेले व्हेनिस बहुधा मे किंवा सप्टेंबरमधील असते. या माहितीपटासाठी आम्ही मुद्दाम हिवाळा निवडला, कारण पाण्याशी जुळवून घेण्याची या शहराची सारी यंत्रणा याच ऋतूत कामाला लागलेली दिसते. शिवाय हिवाळा म्हणजे सामसूम, हे समीकरणही अलीकडचे आहे. मध्ययुगाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाहून मसाले घेऊन निघालेली सरकारी गलबते नाताळच्या सुमारास येथे परतत असत आणि जर्मन व्यापारी तो माल घेण्यासाठी आल्प्स ओलांडून येत. रिआल्तो पुलाजवळ त्यांच्यासाठी बांधलेली भव्य वखार 1508 मध्ये पूर्ण झाली आणि ती आजही उभी आहे. त्या मालातील मिरी मलबारची असे, आणि तिच्या मोबदल्यात पूर्वेकडे वाहत जाणाऱ्या सोन्यात व्हेनिसचे ड्युकॅट हे नाणे असे. साडेतीन ग्रॅम वजनाचे हे नाणे 1284 पासून पाडले जाऊ लागले. सेंट मार्कसमोर गुडघे टेकलेला नगरप्रमुख हे त्यावरील चित्र 1797 मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक संपेपर्यंत जवळजवळ तसेच राहिले. हेच नाणे आपल्याकडे पुतळी म्हणून पेशवाईतही चालत होते आणि पुतळ्यांच्या माळेत ओवले जात होते.

आता पाण्याकडे वळू. एड्रियाटिक समुद्र लांब, अरुंद आणि उत्तरेला बंद आहे आणि त्या बंद टोकाशी व्हेनिस वसले आहे. शरदाच्या अखेरीपासून आग्नेयेकडून सिरोको वारा वाहू लागला, की तो समुद्राच्या लांबीच्या दिशेनेच पाणी उत्तरेकडे रेटत आणतो. त्याच वेळी हवेचा दाब कमी असेल आणि अमावास्या किंवा पौर्णिमेचे उधाण असेल, तर तिन्ही कारणे एकत्र येऊन पाणी गल्ल्यांमध्ये शिरते. येथे पाण्याची पातळी 1897 मधील सरासरी समुद्रपातळीवरून मोजतात. ती शून्य रेषा आज समुद्राच्या खाली गेलेली आहे, कारण दरम्यानच्या काळात समुद्र वर चढला आणि जमीन खचली. जमीन खचण्यामागे किनाऱ्यावरील मार्गेरा येथील कारखान्यांसाठी भूजलाचा झालेला बेसुमार उपसा हेही एक कारण होते आणि तो थांबवण्यास 1970 चे दशक उजाडावे लागले. 4 नोव्हेंबर 1966 रोजी पाणी 194 सेंटिमीटरपर्यंत चढले आणि वाऱ्याने ओहोटीच अडवून धरल्यामुळे ते जवळजवळ दिवसभर उतरले नाही. 12 नोव्हेंबर 2019 रोजी ते पुन्हा 187 सेंटिमीटरपर्यंत पोहोचले.

खाजण समुद्राला तीन मुखांनी जोडलेले आहे. या मुखांच्या तळाशी पोलादाची 78 पोकळ दारे पाण्याने भरून आडवी निजवलेली आहेत. मोठी भरती येणार असे दिसले, की त्यांच्यात दाबाने हवा भरून आतील पाणी बाहेर काढले जाते आणि ती हलकी होऊन बिजागरीवर वर उठतात. मोझे नावाच्या या प्रकल्पाचे काम 2003 मध्ये सुरू झाले, खर्च 5 अब्ज युरोंच्या पुढे गेला आणि 2014 मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात अटकाही झाल्या. एवढे सगळे होऊनही 3 ऑक्टोबर 2020 रोजी दारे पहिल्यांदा खऱ्या उधाणासमोर उभी राहिली, तेव्हा शहर कोरडे राहिले, हे मान्य करावेच लागेल. अवघ्या दोन महिन्यांनी, 8 डिसेंबर रोजी, अंदाज कमी पातळीचा असल्यामुळे दारे उचलली गेली नाहीत आणि पाणी 138 सेंटिमीटरपर्यंत आले. आता साधारण 110 सेंटिमीटरचा अंदाज असला, की दारे उचलतात. सेंट मार्क चौक मात्र शहराच्या सर्वांत सखल भागात आहे आणि त्याहून कमी पातळीलाच तेथे पाणी साचू लागते. म्हणूनच लोखंडी घोड्यांवर फळ्या टाकून केलेल्या उंच पायवाटा तेथे आजही दिसतात आणि सेंट मार्कच्या बॅसिलिकेभोवती 2022 पासून काचेची भिंत उभी आहे.

चढलेल्या पाण्याची चित्रे जगभर पोहोचतात. उतरलेल्या पाण्याची फारशी कोणी दाखवत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत हवेचा दाब दिवसेंदिवस चढा राहिला आणि त्यात उधाणाची ओहोटी आली, की लहान कालवे अक्षरशः आटतात. कोकणातील खाडीकाठच्या माणसाला सुकतीला चिखलात कललेल्या होड्या नवीन नाहीत; येथे तशाच गोंडोला कललेल्या दिसतात, फक्त त्यांच्या दोन्ही बाजूंना संगमरवरी कमानी असतात. फेब्रुवारी 2023 मध्ये अशाच ओहोटीने रुग्णवाहिका-बोटींची वाट अडली होती. पण पाहणाऱ्याला हीच संधी असते. एरवी पाण्याखाली राहणारा विटांचा पाया, त्यावर ओल अडवण्यासाठी बसवलेले इस्त्रियाचे पांढरे दगड आणि घरांचे सांडपाणी कालव्यात सोडणारी भुयारी गटारांची तोंडे या वेळी उघडी पडतात. ही घाण शतकानुशतके दिवसातून दोनदा ओहोटीच वाहून नेत आली आहे.

कालव्यांचा गाळ उपसताना आणि भिंतींची डागडुजी करताना दोन्ही टोकांना बांध घालून मधले पाणी काढून टाकण्याचीही पद्धत आहे. 29 जानेवारी 1996 च्या रात्री ला फेनिचे या ऑपेरागृहाला आग लागली, तेव्हा शेजारचे कालवे अशाच कामासाठी कोरडे केलेले होते. अग्निशामक बोटी इमारतीजवळ पोहोचू शकल्या नाहीत, हेलिकॉप्टरने पाणी टाकावे लागले आणि सकाळी केवळ बाहेरच्या भिंती उरल्या होत्या. पाण्यावर उभ्या असलेल्या शहरात पाण्याअभावी एक इमारत जळावी, याची बोच येथील जुन्या रहिवाशांना आजही असणार. ऑपेरागृह पुन्हा उभारून डिसेंबर 2003 मध्ये उघडण्यात आले.

हे रहिवासी आता उरले तरी किती आहेत? 1951 मध्ये बेटांवरील या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. 2022 मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली घसरला आणि 2023 मध्ये पर्यटकांच्या खाटा रहिवाशांपेक्षा अधिक झाल्या. हिवाळ्यात मात्र मुळातले व्हेनिसकर निदान नजरेला पडतात. 6 जानेवारीला, एपिफनी या ख्रिस्ती सणाच्या दिवशी, मुलांना खाऊ वाटणाऱ्या बेफाना या म्हातारीचा वेश घेऊन ज्येष्ठ वल्हेकरी ग्रँड कॅनॉलवर शर्यत लावतात आणि रिआल्तो पुलावरून एक अवाढव्य मोजा लोंबकळत असतो. लोक काठावर उभे राहून आपापल्या ओळखीच्या म्हातारीला नावाने हाका मारतात. त्यानंतर बाकारो म्हणजे लहान मद्यगृहांत उभ्याउभ्याच वाइनचा पेला आणि वाळवलेला कॉड मासा तेलात घोटून केलेला मलईसारखा लगदा पावावर घेऊन खाल्ला जातो. तो मासा नॉर्वेकडून येतो.

1929 च्या फेब्रुवारीत सारे खाजणच गोठले होते आणि लोक बर्फावरून चालत गेले होते. आता तसे सहसा घडत नाही; थंडी मुख्यतः ओलीची असते आणि दगडी फरशीवरून ती बुटांच्या तळव्यांतून वर चढते. एका दिवसापुरते येणाऱ्या पर्यटकांवर 2024 पासून लावलेले प्रवेशशुल्कही या दिवसांत घेतले जात नाही. पुढे कार्निव्हल जवळ आला, की बेकऱ्यांमध्ये मनुके घातलेले तळलेले फ्रितोले दिसू लागतात, मुखवट्यांची गर्दी लोटते आणि खोल्यांचे भाडे वाढते. म्हणून ज्यांना या ऋतूतील व्हेनिस पाहायचे आहे, त्यांनी एपिफनी आणि कार्निव्हल यांच्यामधले आठवडे गाठावेत, सोबत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट ठेवावेत आणि निघण्याआधी भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून घ्यावे.