कॉन्स्टंटाईनच्या नाण्यावरचा सूर्य

नमस्कार मंडळी! आज एका बारक्याशा ब्राँझच्या नाण्याबद्दल बोलूया, वजन जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅम, रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनचं, साधारण इसवी सन 313 ते 317 मधलं. एका बाजूला राजाचं तोंड, आणि उलटं केलं की सूर्यदेव, सोल. डोक्यावर किरणांचा मुकुट, उजवा हात वर, डाव्या हातात गोळा, अंगावर कपडा म्हणाल तर डाव्या खांद्यावरून टाकलेला शेला, बाकी काही नाही. कडेनं लॅटिनमधे लिहिलंय, अजिंक्य सूर्याला, राजाच्या सोबत्याला. खाली पी एल एन अशी अक्षरं दिसली तर नाणं लंडनच्या टांकसाळीतलं, पी टी आर असेल तर जर्मनीतल्या ट्रिअरचं.

आता गंमत बघा. ख्रिश्चन धर्माला जवळ करणारा पहिला रोमन सम्राट म्हणून ह्याचं नाव सगळे घेतात, 312 ची ती रोमजवळच्या पुलावरची लढाई, जी त्यानं ख्रिश्चनांच्या देवाच्या कृपेनं जिंकली असं सांगतात, 313 ला ख्रिश्चनांना मोकळीक, हे सगळं झालं, आणि तरी पुढची चार-पाच वर्षं ह्याच्या टांकसाळी धडाधड सूर्यच पाडतायत! मला विचाराल तर माणूस पक्का हिशेबी. सैन्यात सूर्याला मानणारे भरपूर, आधीच्या ऑरेलियन सम्राटानं तर 274 मधेच रोममधे सूर्याचं मोठं देऊळ बांधलेलं, मग एवढ्या लोकांना उगाच कशाला दुखवायचं?

नाण्याची तब्येत मात्र खालावलेली. त्याच्या आधीच्या डायोक्लेशियन सम्राटानं 294 च्या सुमारास ह्या प्रकारचं नाणं पहिल्यांदा काढलं तेव्हा ते दहा ग्रॅमचं होतं, वीस वर्षांत एक तृतीयांश उरलं. वर चांदीचा पातळ मुलामा द्यायचे, तोही वापरून वापरून उडायचा, म्हणून आज बहुतेक नाणी तपकिरी नाहीतर हिरवट दिसतात, कोपऱ्यात अक्षरांच्या खाचेत थोडी चांदी चमकली तर नशीब.

साधारण 318 नंतर ब्राँझवरून सूर्य गेला, सोन्याच्या नाण्यांवर अजून थोडा टिकला. पण 321 मधे ह्याच राजानं सूर्याच्या वारी, म्हणजे रविवारी, कोर्टं आणि शहरातली कारागिरी बंद ठेवायचा कायदा केला, शेतकऱ्यांना मात्र काम करायची परवानगी, कारण पेरणीचा नेमका दिवस हुकला तर काय घ्या! आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळायला 1890 उजाडलं, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंड्यांनी ती झगडून मिळवली, आणि त्यांचा एक मुद्दा होता म्हणे, की रविवार हा खंडोबाचा वार.